कागद कापणारा वस्तरा गालावर का अडतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलो तर सांगा. आजोबांचा जुना जर्मन वस्तरा माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडून त्याला धार लावून घेतली. तरी दाढी होईना, म्हणून ३०००/८००० ग्रिटचा (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दुहेरी दगड मागवून त्यावर दोन-तीन संध्याकाळी घासला. आता वर्तमानपत्राचा कागद सरसर कापला जातो, हातावरची लव निघते, पण गालावर केस ओढले जातात आणि हनुवटीवर तर वस्तरा थांबतोच. मग वस्तरा बोथट म्हणायचा की तुमचा हात कच्चा?

माझं नाशिकला पंचवटीत सलून आहे. वडील रामकुंडावर क्षौराला बसायचे, हे काम मी त्यांच्याकडूनच शिकलो. गिऱ्हाइकाला आता मीही अर्धं ब्लेड बसवायचा वस्तराच वापरतो, त्याशिवाय गत्यंतर नाही. पण माझी स्वतःची दाढी अजून जुन्या वस्तऱ्यावर होते, आणि हौशी लोकांचे वस्तरे धारेला येतात तेही मीच लावतो. त्यांतल्या बऱ्याच जणांची तक्रार तुमच्यासारखीच असते.

हात कच्चा असेलही. पहिल्या काही आठवड्यांत कोणाचा नसतो? पण तुम्ही सांगितलेली लक्षणं आणि त्यांचा क्रम पाहता माझा पहिला संशय धारेवर आहे, आणि त्यातही धारवाल्याच्या चाकावर.

चाकाचं काम विळी, सुरी, कात्रीचं. धारवाला पातं हातात धरून अंदाजाने तिरपं लावतो, ठिणग्या उडतात, स्वयंपाकघराला पुरेल अशी धार निघते. वस्तऱ्याचा कोन मात्र धार लावणाऱ्याने अंदाजाने ठरवायचा नसतो, तो पात्याच्या घडणीतच आलेला असतो. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवून घासायचं, पाठीची जाडी कोन आपोआप धरते. ५/८ इंची, म्हणजे जवळपास १६ मिलीमीटर रुंदीचं पातं आणि साडेचार मिलीमीटर जाडीची पाठ असेल, तर दोन्ही बाजूंचा मिळून कोन १६ अंशांच्या आसपास येतो. चाकावर सुरीसारखी धार लावली की अगदी टोकाशी ३०-४० अंशांचा दुसराच आखूड उतार तयार होतो. त्यानंतर तुम्ही तो वस्तरा पाठीसकट दगडावर कितीही घासा, दगड त्या आखूड उताराच्या मागच्या भागाला लागतो. टोकाला तो शिवतही नाही. मागचा भाग आरशासारखा चकाकायला लागतो, माणसाला वाटतं काम झालं, आणि धार मात्र धारवाल्याने जशी सोडली तशीच राहते.

तुमच्याकडे नेमकं हेच झालंय का, ते पाच मिनिटांत कळेल. परमनंट मार्कर घ्या आणि धारेच्या उतारावर दोन्ही बाजूंनी काळी रेघ ओढा, अगदी टोकापर्यंत. मग ८००० च्या बाजूवर पाणी टाकून, जोर न देता, दोन-तीनदा हात फिरवा आणि उजेडात बघा. शाई टोकापर्यंत पुसली गेली असेल तर दगड धारेला लागतोय. टोकाशी काळी बारीक रेघ उरली असेल, तर दगडावर घालवलेल्या तुमच्या संध्याकाळी धारेपर्यंत पोचल्याच नाहीत. शाई काही ठिकाणी गेली आणि काही ठिकाणी राहिली, असंही होतं. जुन्या वस्तऱ्याची पाठ झिजून वाकडी झालेली असली की हे हमखास दिसतं.

त्याच उजेडात धारेलगत निळसर किंवा जांभळट झाक दिसते का, तेही बघून घ्या. पोलादावर निळा रंग चढला याचा अर्थ ते तीनशे अंशांच्या आसपास तापलं होतं. वस्तऱ्याच्या पोलादाचं पाणी त्याच्या कितीतरी आधीच उतरतं. तेवढा भाग मऊ झालेला असतो आणि त्यावर लावलेली धार टिकत नाही. तो घासून काढण्यावाचून इलाज नाही, आणि झाक खोल गेली असेल तर वस्तरा आठवण म्हणून ठेवावा, दाढीचा नाद सोडावा.

आता कागदाविषयी. वर्तमानपत्र कापून दाखवणं हे बघणाऱ्याला फार पटतं, म्हणूनच ते फसवतं. कागद कापताना आपण पातं ओढत नेतो, करवतीसारखी खरबरीत धारही त्यात बेधडक चालते. चाकावरची धार तशीच असते, म्हणून तुमचा कागद सरसर कापला गेला. दाढीत वस्तरा केसाला सरळ समोरून भिडतो. केस एका बाजूने मऊ कातडीत रुतलेला आणि दुसऱ्या बाजूने मोकळा, म्हणजे जरा ढकललं की वाकायला तयार. तो वाकायच्या आत तुटला पाहिजे. दाढीचा राठ केस जाडीला ०.१ मिलीमीटर, म्हणजे १०० मायक्रॉनपर्यंत असतो. तो न ओढता कापायचा तर धारेचं टोक अर्ध्या मायक्रॉनच्या घरात यावं लागतं. सुरीची चांगली धारसुद्धा याहून जाड असते आणि तरी कागद मजेत कापते. शिवाय कागदात खनिजाची भुकटी मिसळलेली असते, तिने तयार धार खराबच होते. वस्तऱ्याला कागद लावूच नका.

एक गोष्ट मनात पक्की धरा. वस्तरा अख्खा बोथट असा क्वचितच असतो, त्याची एखादी जागा बोथट असते. साधारण सात सेंटिमीटर लांब धारेचे मनाने तीन भाग करा: मुठीकडचा, मधला, टोकाकडचा. पुढे सांगतोय त्या सगळ्या परीक्षा तिन्ही भागांवर वेगवेगळ्या करायच्या. ‘धार आहे का’ असं विचारून हाती काही लागत नाही. ‘कुठे नाही’ हे विचारलं की पुढचं काम कळतं. मुठीकडचा भाग दगडावर नीट बसत नाही आणि टोकाकडे हात उचलला जातो, म्हणून शिकाऊ माणसाच्या वस्तऱ्यात मधलाच भाग चांगला असतो, आणि परीक्षाही तो मधल्याच भागाची घेतो.

दुसरं म्हणजे प्रत्येक परीक्षेची पायरी ठरलेली आहे. खालच्या पायरीची परीक्षा वर केली तर धार बिघडते, वरची खाली केली तर विनाकारण निराशा येते.

१००० ग्रिटच्या दगडावर दोन्ही उतार टोकाशी एकमेकांना भेटले की नाहीत, हा पहिला आणि माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न. इथे नखाची परीक्षा चालते. अंगठ्याचं नख ओलं करायचं आणि वस्तऱ्याच्या नुसत्या वजनाने धार त्यावरून मुठीकडून टोकाकडे हलकेच न्यायची. सगळीकडे सारखी, लोण्यातून गेल्यासारखी ओढ लागली तर ठीक. मध्येच खट्ट झालं तर तिथे खाच आहे, सुळकन घसरली तर ती जागा बोथट आहे. ही परीक्षा फक्त १००० वरच करायची. दाढीला तयार केलेली धार नखावरून नेली तर ती परत दगडावर न्यावी लागते.

याच पायरीवर डोळ्यांवरही विसंबता येतं. खोलीत एकच दिवा ठेवा, वस्तरा धार वर करून डोळ्यासमोर धरा आणि सावकाश पुढे-मागे झुकवा. खरी धार दिसत नाही, कारण उजेड परतवायला तिथे सपाट जागाच नसते. जिथे पांढरा ठिपका किंवा बारीक चमकती रेघ लुकलुकेल तिथे टोक सपाट आहे किंवा खाच आहे. आमच्या सराफ बाजारातल्या कारागिरांकडे असतं तसं डोळ्याला लावायचं भिंग मिळालं तर फारच उत्तम. ते फार महागही नसतं. हातावरच्या लवेपेक्षा भिंगावर मी कितीतरी जास्त विश्वास ठेवतो.

हातावरची लव ही १००० नंतरची परीक्षा. या पायरीवर वस्तरा कातडीला टेकवून नेल्यावर लव निघायला हवी, तिन्ही भागांनी. निघाली तर पाया झाला, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही हाच निकाल शेवटचा धरलात, आणि माझ्याकडे येणारेही बहुतेक जण तिथेच थांबलेले असतात. शेवटच्या दगडानंतर लव कातडीला न टेकता, पाच-सहा मिलीमीटर वरून निघते का ते बघायचं. तिथेही हे विसरू नका की लव बारीक आणि कोरडी असते, हनुवटीचा केस तिच्या कितीतरी पट राठ.

अंगठ्याच्या पेराची परीक्षा आमच्या धंद्यात सगळेच करतात आणि शिकवता कोणालाच येत नाही. पेर ओलं करून धारेवर अगदी अलगद टेकवायचं आणि धारेला आडवं, केसभर हलवून बघायचं. धारेच्या लांबीने बोट कधीही न्यायचं नाही, कापलं गेलेलं कळायच्या आत रक्त येतं. चांगली धार पेराला चिकटल्यासारखी वाटते, बोट पुढे जायला नको म्हणतं. अर्धवट धारेवरून बोट नुसतं सरकतं. पण ‘चिकटणं’ म्हणजे नेमकं किती, हे चांगले आणि वाईट दोन्ही वस्तरे शेजारी ठेवून बोट लावल्याशिवाय समजत नाही. तुमच्याकडे एकच वस्तरा आहे, तेव्हा तूर्त ही परीक्षा सोडून द्या.

शेवटच्या दगडानंतर आणि पट्ट्यानंतर, म्हणजे वस्तरा कापडाच्या आणि चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून झाल्यावर, मी टांगत्या केसाची परीक्षा करतो. ती नीट केली तर खूप सांगते. गडबड अशी की बहुतेक लोक कुठलाही केस घेतात आणि वस्तऱ्याला दोष देतात. घरातल्या कोणाच्या तरी कंगव्यातला लांब केस घ्या आणि साबणाने धुऊन वाळवा. आपल्याकडे डोक्याला खोबरेल असतं, तेलकट केस धारेवरून निसटतो आणि चांगला वस्तराही नापास ठरतो. मग केसाचं मूळ कोणतं, शेंडा कोणता ते ओळखा. केस चिमटीत धरून दोन बोटांनी लांबीच्या दिशेने चोळत राहा, तो हळूहळू एका बाजूला सरकत जाईल. ज्या बाजूला सरकतो ते त्याचं मूळ. केसावर कौलांसारखे खवले असतात आणि त्यांची तोंडं शेंड्याकडे असतात, म्हणून तो मुळाच्या दिशेनेच पुढे जातो.

वस्तरा धार वर करून स्थिर धरा. केस शेंड्याच्या बाजूने चिमटीत धरून मुळाकडचा भाग मोकळा सोडा आणि चिमटीपासून एक-दीड सेंटिमीटरवर तो धारेवर अलगद उतरवा. असं धरल्यावर खवल्यांची तोंडं धारेत अडकतात, म्हणून केस सहज तुटतो. मूळ चिमटीत धरलं तर धार खवल्यांवरून घसरते, परीक्षा जास्त कडक होते. दोन्हींत बरोबर-चूक असं काही नाही, पण एकदा ठरवलं की तीच पद्धत आणि त्याच माणसाचा केस ठेवायचा.

केस धारेला लागताच आवाज न करता खाली पडला, तर उत्तम. जरा अडून, बारीक ‘तट्ट’ असं होऊन तुटला तरी माझ्या मते दाढीला चालतो. तुटण्याऐवजी उभा सोलला गेला तर धार आहे पण अपुरी आहे. आणि नुसता घसरला तर मागच्या दगडावर जा. आता खरी युक्ती सांगतो. वस्तऱ्याच्या आधी हाच केस दाढीच्या नव्या ब्लेडवर टांगून बघा. ब्लेडची धार वेगळ्या जातीची असते, तिच्याशी आपल्या वस्तऱ्याने बरोबरी करावी असं मी म्हणत नाही. पण नव्या ब्लेडवरही तुमचा केस तुटत नसेल, तर दोष केसाचा किंवा धरण्याचा आहे आणि तुम्ही वस्तरा विनाकारण घासत बसाल.

इथपर्यंत सगळं जमूनही एक सापळा उरतो. ८००० वर जास्त वेळ किंवा जोर लावून घासलं की टोकाशी पोलादाचा कागदासारखा पातळ पापुद्रा उभा राहतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारे त्याला ‘बर’ म्हणतात. हा पापुद्रा टांगता केस तोडतो, लव वरच्या वर उडवतो, सगळ्या परीक्षांत पहिला येतो. आणि दाढीला लावला की पहिल्या गालावर छान चालतो, दुसऱ्या गालावर दुमडतो किंवा तुटतो. मागे उरते ती दातेरी धार. म्हणून ‘सुरुवात बरी झाली आणि मग ओढायला लागला’ असं कोणी सांगितलं की मी आधी पापुद्र्याचा विचार करतो. तो काढायला शेवटच्या दगडावर भरपूर पाणी घालून, वस्तऱ्याच्या नुसत्या वजनाने थोडे हात, एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने फिरवायचे. मग पट्टा, मग पुन्हा केस. पट्ट्यानंतर निकाल खाली गेला तर आधीचं यश पापुद्र्याचं होतं.

पट्ट्याचा उल्लेख तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. पट्टा मारलाच नसेल, तर वरच्या सगळ्या परीक्षांचे निकाल बाजूला ठेवा आणि तो मारून पुन्हा बघा. आधी जाड सुती कापडावर वीस-तीस हात, मग चामड्यावर पन्नास-साठ. पाठ पुढे आणि धार मागे, फिरवताना पाठीवर फिरवायचं, पट्टा ताणून धरायचा, जोर नाही. पट्टा सैल पडला की धार गोल होते. दर दाढीआधी हे करायचं असतं, महिन्यातून एकदा नव्हे.

वापरात धार का बिघडते, यावर २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून बघितले आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलं. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण, तरी केस त्याचे टवके काढतो. केस वाकून धारेला तिरपा भिडला आणि नेमकी त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, की सूक्ष्म टवका उडतो. मी जागेजागेची परीक्षा घ्या म्हणतो त्याला हा चांगला आधार आहे: धार सगळीकडून सारखी झिजत नाही, ती ठिकठिकाणी तुटते.

शेवटचा निकाल चेहराच देतो, पण चेहऱ्यालाही प्रश्न नीट विचारला पाहिजे. घाटावर वडील साबण न लावता, नुसत्या पाण्यावर डोकी करायचे. पण आधी पाणी लावून डोकं इतका वेळ चोळायचे की बसलेला माणूस कंटाळायचा. भिजलेला केस कापायला फार कमी जोर लागतो आणि नीट भिजायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तेव्हा आंघोळीनंतर, गरम पाण्याने, फेस लावून थोडं थांबून मगच परीक्षा घ्या. पाणी बोअरवेलचं असेल तर साबणाचा साका होतो, फेस उभा राहत नाही आणि चांगला वस्तराही ओढल्यासारखा वाटतो. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी असेल तर ही भानगड सहसा नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गार पाण्याने दाढी करून वस्तऱ्याला नावं ठेवणारेही मी बघितलेत.

सुरुवात कल्ल्याखालच्या सपाट गालापासून करा. एका हाताने कातडी ताणा, वस्तरा कातडीपासून तीस अंशांच्या आसपास ठेवा आणि केसांच्या दिशेने, आखूड हात मारा. आधी मधल्या भागाने, मग त्याच गालाच्या शेजारच्या पट्टीवर मुठीकडच्या भागाने, मग टोकाकडच्या. एक भाग सुरळीत आणि दुसरा ओढतोय असं झालं तर हाताला दोष देऊ नका, कारण हात तोच आहे. तिन्ही भाग सारखेच ओढत असतील तर दुसऱ्या गालावर अर्धं ब्लेड बसवायचा साधा वस्तरा, नवं ब्लेड घालून, त्याच हाताने वापरून बघा. तोही ओढत असेल तर तुमचा कोन, ताण किंवा केस भिजवणं चुकतंय. तो सुळकन चालला तर आजोबांच्या वस्तऱ्याला काम बाकी आहे. तुमच्या मूळ प्रश्नाचा निवाडा या एका प्रयोगात होतो, बाकी सगळं कुठे काय बिघडलंय हे शोधण्यापुरतं.

कानही उघडे ठेवा. घाटावर एकामागून एक डोकी करताना केस टांगून बघायला कोणाला सवड असते? आवाज आणि हाताला लागणारी ओढ यांवरच पट्ट्यावर कधी जायचं ते ठरायचं. पोकळ घासलेलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोलगट असलेलं पातळ पातं चांगल्या धारेला बारीक, एकसारखं कुरकुरतं. आवाज तुटक आला की समजावं. जाड, पाचरीसारखं पातं फारसं बोलत नाही, त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवू नका.

ओढणं आणि जळजळणं यांत मात्र गल्लत करू नका. केस नीट कापले जातात पण नंतर कातडी जळते, अशी धार तीक्ष्ण असूनही खरबरीत असते, नाहीतर तुम्ही दाबताय किंवा कोन जास्त उभा धरताय. दाढीनंतर ओली तुरटी फिरवली की ती जिथे झोंबेल ती जागा ध्यानात ठेवा. एका बाजूलाच झोंबत असेल तर बहुधा हात, सगळीकडे सारखी झोंबत असेल तर बहुधा धार.

पुरेशी धार कोणाला किती, हे माणसागणिक बदलतं. विरळ, मऊ दाढीचा माणूस ८००० नंतर पट्टा मारून वर्षानुवर्षं खूश राहतो. राठ दाढी, आठवड्यातून एकदाच करायची सवय आणि वर नाजूक कातडी असेल तर १२००० ग्रिट किंवा क्रोमियम ऑक्साइड (पॉलिशची बारीक हिरवी भुकटी) लावलेला पट्टा याशिवाय समाधान होत नाही. हनुवटीवर केस दाट आणि त्यांची दिशा दर बोटभर अंतरावर बदलते, त्यामुळे गाल स्वच्छ होऊन हनुवटी अडली तर मी लगेच धारेवर आळ घेत नाही. उलटा, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेने हात तर पहिले काही आठवडे मारूच नका.

आता तुमच्या वस्तऱ्याचं काय करायचं? मार्करची शाई टोकाशी उरली, तर ३००० ने भागणार नाही. १००० चा सपाट दगड लागेल. दगड स्वतःच मध्ये खोलगट झालेला असेल तर काचेवर ओला पॉलिशपेपर ठेवून त्यावर तो आधी घासून सपाट करा. पाठीवर वीजवाल्यांच्या चिकटपट्टीचा एक थर लावा. चाकाने केलेला तो आखूड उतार पूर्ण जाईपर्यंत बराच घासावा लागणार, त्यात पाठ उगाच झिजू नये. किती हात मारायचे हे विचारू नका. शाई टोकापर्यंत जाते, दिव्याखाली ठिपका दिसत नाही, तिन्ही भाग लव कातडीलगत काढतात, हे तिन्ही झालं की १००० चं काम संपलं. त्याआधी ३००० वर जाल तर पुन्हा तिथेच अडकाल. चिकटपट्टी लावून सुरुवात केलीत तर पुढच्या दगडांवरही ती ठेवा, नाहीतर कोन बदलेल आणि मार्करचा खेळ पुन्हा पहिल्यापासून.

एक राहिलं. हा वस्तरा भावाला किंवा मित्राला ‘बघ जरा’ म्हणून गालाला लावू देऊ नका. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो, आणि जुन्या वस्तऱ्याची सेल्युलॉइडची मूठ उकळत्या पाण्यात घालता येत नाही. दाढी झाली की पातं पुसून कोरडं करा, पावसाळ्यात तेलाचं बोट फिरवून ठेवा. धारेवर पडलेला गंजाचा ठिपका भिंगाखाली खाच होऊन दिसतो आणि पुन्हा १००० वर उतरावं लागतं.

आधी मार्कर लावा. शाई पुसल्यावर दोन्ही बाजूंचे जवळून फोटो काढा, दिवा एका बाजूला ठेवून, मुठीपासून टोकापर्यंत अख्खी धार दिसेल असे. ते पाहून घरी जमण्यासारखं आहे की नाही ते सांगेन.